दोन घमेली माती

आचऱ्याच्या बाजूला कुणाला घर बांधायचं असलं, विहीर पाडायची असली, की आधी धोंडू पांग्याला बोलावणं जायचं. इंजिनीयर मागाहून. धोंडूची रीत साधी होती. जागेत हातभर खड्डा काढायचा आणि त्याचीच माती त्यात परत भरायची. माती उरली तर जमीन घट्ट, खुशाल बांधा. कमी पडली तर धोंडू पंचा खांद्यावर टाकून चालू लागायचा, समोर कितीही मोठा माणूस असो. "हय माड लाय, घर बांधू नको," एवढंच म्हणायचा. तोंडाचा फटकळ, पण चाळीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा पडला नाही.

बापाने त्याला एकच पथ्य घालून दिलं होतं. भूमिपूजनाचा नारळ एकदा फुटला, की त्या भुंयेला नाव ठेवायचं नाही. जागा सांभाळणारा राखणदार देव कोपतो, म्हणे.

त्याची लेक आनंदी मुंबईत नर्स. तिने आणि जावई देवेशने बारा वर्षं पोटाला चिमटा काढून गावात चार गुंठे घेतले. साऱ्या गावाला जागा बघून देणारा बाप घरात, आणि पोरीने त्यालाच विचारलं नाही! तिला त्याला चकित करायचं होतं ना. भूमिपूजनाच्या सकाळी त्याला आणायला रिक्षा धाडली, ती वाटेत बंद पडली. मुहूर्त टळायला नको म्हणून भटजींनी नारळ फोडून घेतला. धोंडू पोहोचला तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं.

जागा पाहिली मात्र, म्हाताऱ्याने ती लगेच ओळखली. हे तर खाडीकडचं खाजण. लहानपणी गुडघाभर चिखलात उतरून त्याने इथे खेकडे धरले होते. आता एजंटने वर खाणीची तांबडी माती पसरून, रोलर फिरवून त्या चिखलाला नवरीसारखं नटवलं होतं.

"बाबा, सगळ्यांचो खड्डो काढतास, माझो नाय काढणास?" आनंदी हसत म्हणाली.

धोंडूने खड्डा काढला. परत भरला. माती कमी पडली, चांगली दोन घमेली. त्याने मान वर केली. आनंदी देवेशला हाताने दाखवत होती, "हय बाबांची खोली. खिडकी खाडयेकडे." फुटलेल्या नारळाचं पाणी अजून सुकलं नव्हतं. धोंडू उठला, रस्त्याकडेची दोन घमेली माती आणली, खड्ड्यात ओतली आणि वर पायाने दाबली.

"बरी आसा गो भुंय," तो म्हणाला.

घर उभं राहिलं. खाडीच्या वाऱ्यात धोंडू एक वर्ष झोपला, पण सुखाने एकही रात्र नाही. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा कोपरा खचला. भिंतीला बोटभर भेग गेली, आणि श्रावणात एका दुपारी त्याच्याच खोलीची भिंत बाहेर कोसळली. तो देवळात होता म्हणून वाचला. बघायला आलेल्या इंजिनीयरने सांगितलं, या घरात आता कुणी राहायचं नाही.

आनंदी रजा टाकून आली. रडली नाही. खिडकीची चौकट चिखलातून ओढून काढली, पुसली आणि तिच्यावरच बसली.

"बाबा, त्या दिवशी मी देवेशाक तुमची खोली दाखवी होतंय, तेव्हा तुमी रस्त्याकडची दोन घमेली माती हाडलास. माका दिसलेला. माका वाटला, तुमची कायतरी रीत आसतली." तिने खचलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं. "माती कमी पडली होती काय?"

"नारळ फुटलो होतो गो," धोंडू कसाबसा म्हणाला.

आनंदी चौकटीवरून उठली.

"नारळच फुटलो होतो मा, बाबा," ती म्हणाली. "घर खंय बांधलेला?"