काका मोजणीत राहिले

अमेरिकेत बेकार माणसं पुष्कळ असतील, पण नोकरी करावी तितक्या निष्ठेने बेकारी करणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही विद्यार्थी त्यांना काका म्हणायचो. मूळचे नागपूरचे, मिशिगनमधल्या ॲन आर्बरजवळ मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. नव्वदीच्या सुरुवातीच्या मंदीत एका शुक्रवारी कंपनीने त्यांना टेबल आवरायला एक खोका दिला आणि सोबत शुभेच्छा. सोमवारी काका नेहमीसारखे सहाला उठले, दाढी केली, टाय बांधला आणि डबा घेऊन बसने सार्वजनिक ग्रंथालयात गेले. तेव्हापासून हीच त्यांची ड्युटी, मध्ये अर्धा तास जेवण. एकदा ताप आला, तर ग्रंथालयातल्या बाईंना फोन करून ‘आज येऊ शकत नाही’ असं त्यांनी रीतसर कळवलं.

तिथे ते नोकरीच्या जाहिराती जितक्या वाचत, तितकीच बेकारीची सरकारी आकडेवारी. सरकारच्या लेखी बेकार म्हणजे ज्याला काम नाही आणि ज्याने गेल्या चार आठवड्यांत ते शोधलं आहे. शोधणं सोडलं की माणूस बेकारही उरत नाही, हिशेबातूनच जातो. काकांना खरं भय त्याचं होतं. “अगं, आपल्या लोकांना माणसांत मोजून घ्यायला किती पिढ्या लागल्या! आणि मी आपल्या पायाने बाहेर पडू?” म्हणून दर आठवड्याला एक अर्ज जायचाच. आपल्याजोगती जागा नसली तर आपला संबंध नसलेल्या जागेला. बर्फ उपसणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज झाला, एका चर्चमधल्या ऑर्गनवादकाच्या जागेसाठीही झाला. चर्चने कळवलं, आपली पात्रता या जागेच्या मानाने फार जास्त आहे. ते पत्र काकांनी फाइल केलं.

मी तेव्हा बेकारीवर एक जळजळीत पत्रक लिहीत होते. काकांनी त्यातल्या ‘लाखो हात’वर लाल रेघ मारली. “वयोगट लिही. पंचवीस ते चोपन्न. ऐन उमेदीचं वय. या वयाच्या पुरुषाला काम नसलं की मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ घाबरतात. आमच्याकडे फक्त तुझी काकू घाबरते.”

काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या आणि घर त्यांच्या पगारावर चालायचं. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात कुणी “भाऊ काय करतात सध्या?” विचारलं की त्या झटकन म्हणत, “कन्सल्टिंग!” तेवढ्यापुरते काका हातातल्या समोशाचं बारकाईने निरीक्षण करत.

सरकार दर महिन्याला काही घरं निवडून हा बेकारीचा आकडा काढतं. आपलं घर निघावं म्हणून काका लॉटरीसारखी वाट पाहत. आपली बेकारी एकदा कुणीतरी अधिकृतपणे लिहून घ्यावी, एवढीच इच्छा. एका गालिचे विकणाऱ्याला त्यांनी फोनवर चाळीस मिनिटं धरून ठेवलं होतं, रोजगाराचा प्रश्न कधीतरी विचारेल या आशेने.

आणि दोन वर्षांनी, एका शनिवारी सकाळी, सरकारच्या बाई फॉर्म घेऊन खरोखरच आल्या. मी त्यांच्याकडे चहाला आले होते, काका आत दाढी करत होते. घरातल्या एकाने सगळ्यांची माहिती दिली तरी चालते, म्हणून बाईंनी दार उघडणाऱ्या काकूंनाच विचारलं, “तुमचे पती काय करतात?”

“कन्सल्टिंग,” काकू म्हणाल्या.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. काका गालाला साबण तसाच ठेवून दारात उभे होते. मी ताडकन उठले, “काकू, अहो...” काकांनी मला हातानेच खाली बसवलं.

“बरोबर ना, सर?” बाईंनी विचारलं.

काका त्या फॉर्मकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हो. मिसेस सांगतात ते बरोबर आहे.”

“फुल टाइम?”

“अगदी.”

बाई गेल्या. काकू खुर्चीत बसल्या. “अहो, चुकलं हो माझं. सवयीने निघून गेलं तोंडातून.”

“दोन वर्षं तू एकटी सगळ्यांना उत्तरं देतेयस,” काका म्हणाले, “त्यांच्या फॉर्मात त्याला रकाना नाही. ऊठ, शिफ्टला उशीर होईल.”

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं, सगळं तत्त्वाचं. मी खिडकीशी उभी राहिले. खाली काका गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. काच जसजशी स्वच्छ होत होती, तसतशा आत बसलेल्या काकू त्यांना दिसू लागल्या. काकांनी एकदा हात थांबवला, गळ्यातल्या टॉवेलाने गालावर राहिलेला साबण पुसला आणि पुन्हा खरवडायला लागले.