कापलेला पत्रा

आमची जुनी पिकअप आता शोभेची वस्तू झाली म्हणे. जन्मभर तिच्यातून केळी वाहिली, तेव्हा तिच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. आता नांदेडात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, आणि माझा पोरगा तिथंच हापिसात असतो, त्याला ती घेऊन मिरवायचं होतं. त्यासाठी गाडी कंपनीतून निघाली तशीच पाहिजे. म्हणून हैदराबादच्या कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्यानं मूळचा रेडिओ मिळवला.

मला मात्र म्हणला, "आबा, तुम्ही दिवसभर गाडीत एकटेच बसून राहता. रेडिओ असला तर करमंल."

मला करमून घ्यायचंच नव्हतं. कारभारीण जाऊन वर्षही झालं नव्हतं.

गाडी घेतली तेव्हा रेडिओ होता तिच्यात. पुढं एकदा अर्धापूरला केळी भरताना कुणीतरी तो उपटून नेला, नुसत्या वायरी लोंबत ठेवल्या. मी चोराच्या सात पिढ्या काढल्या. ही म्हणली, "बरं झालं. लई कावकाव करायचा." आणि रेडिओच्या त्या मोकळ्या भोकात तिनं मिश्रीची डबी ठेवली. मग पानाचा बटवा आला. मग लिंबू, कारण गाडीत तिला मळमळायचं. ती माझ्यासोबत लातूरच्या बाजारात यायची, कारण मी व्यापाऱ्यांशी भांडायचो आणि तिला भाव करता यायचा. ते भोक तिचं कपाट झालं.

एकदा चाकूरच्या पुढं तिनं लिंबासाठी आत हात घातला आणि पत्र्याच्या काठावर हिरवी बांगडी वाढवली. काच मनगटात घुसली. रक्ताचं तिला काही नाही. बांगडी गेली म्हणजे माझ्या जीवाला काहीतरी होणार, हे तिच्या डोक्यात बसलं. त्याच संध्याकाळी मी हॅक्सॉच्या पात्यानं पत्रा कापला, भोक मोठं केलं, कानस मारली आणि काठ आत दुमडला. बांगड्यांसकट हात जाईल एवढं केलं. तिनं बघितलं, हात घालून काढला, आणि म्हणली, "वाकडं झालंय." बस्स.

ती गेली तेव्हा गावच्या बाया म्हणत होत्या, नशीबवान हाय, सवाष्ण गेली, हिरव्या चुड्यानं गेली. मला त्या सगळ्यांना घराबाहेर काढावं वाटलं. नशीब कसलं? माझ्या जीवाला काही झालं नाही, तीच गेली.

असो. तर पोरानं मला लातूरला नेलं, गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एकाच्या दुकानात. त्यानं रेडिओ भोकात धरला. रेडिओ आत डगडगायला लागला.

"मामा, हा पत्रा कुणी कुरतडला? उंदरानं का?"

"मी."

"कशाला पण? कंपनीचं माप घालवलं की." मग तो माझ्याशी बोलायचं सोडून पोराकडं वळला. "शेजारी वेल्डिंगवाला हाय. पट्टी मारून घेऊ, वरून रंग. कुणाला कळणार न्हाई."

"करून टाका," पोरगा म्हणला.

मी दार उघडून सीटवर जाऊन बसलो. "हात लावायचा न्हाई."

"आबा, उतरा खाली. लोक बघायलेत."

"बघू दे."

"आईचं सामान ठेवायची जागा होती, माहीत हाय मला. आता आई न्हाई. भोक ठेवून काय करता?"

"माझी गाडी हाय."

तो वायरिंगवाला हसला. म्हणला, "मामा, देव बसवा मग तिथं. उदबत्ती लावायला बरं." मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो पाना टाकून चहाला निघून गेला.

मग पोरगा पेटला. खिडकीशी येऊन म्हणला, "आई होती तव्हा तिच्याशी कधी दोन शब्द गोड बोललात का? सगळ्या बाजारासमोर खेकसायचा तिच्यावर. आणि आता भोकाला कवटाळून बसलात."

"गोड न्हाई बोललो," मी म्हणलो. "पत्रा कापला."

त्याला कळलं नाही. मग सांगितलं, बांगडीचं, काचेचं, हात जायला जागा केली ते. सांगतानाही आवाज चढलेलाच होता माझा.

त्यानं खिडकीतून वाकून त्या भोकाकडं बघितलं. मग म्हणला, "हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"इचारलं का तू? परस्पर रेडिओ आणला."

"तुमच्यासाठी आणला."

"मेळाव्यासाठी आणला. खोटं बोलू नको."

त्यावर तो रेडिओ उचलायला वळला, म्हणजे खरंच होतं. किंवा अर्धं खरं असेल. पण मला त्या वेळी अर्ध्याचा विचार करायची इच्छा नव्हती. मी गाडी चालू केली. तो रेडिओ घेऊन शेजारी येऊन बसला, कारण चाकूरपर्यंत रस्ता एकच. तिथून त्याला नांदेडची बस धरायची होती. एवढ्या वाटेत आम्ही एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं रेडिओ मांडीवर घट्ट धरला होता.

चाकूरच्या स्टँडवर तो उतरला. म्हणला, "मेळाव्याला गाडी नेत न्हाई मी."

"नको नेऊ."

त्यानं दार आपटलं. त्या बाजूचं दार आपटल्याशिवाय लागतच नाही, घरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं त्यानं रागानं आपटलं का नुसतं लावलं, ते मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही. गिअर टाकला आणि गावाची वाट धरली.