ढोलीतले कलदार

आमच्या मायला तांदूळ काढायला साक्षीदार लागतो. म्हणजे लागायचा. पूर्वी घरात धानाची ढोली होती, बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माणसाहून उंच. तिच्या बुडाशी हात जाईल एवढं भोक आणि त्या भोकात कापडाचा बोळा. रोज सकाळी बोळा काढायच्या आधी माय हाक मारायची, "कोणी हाये का गा? इथी या." कोणीतरी जाऊन उभं राहायचं, बहुतेक वेळा मीच. ती सुपात धान घ्यायची, बोळा परत बसवायची, रिकामा हात मला दाखवायची आणि म्हणायची, "जाय आता." मला वाटायचं, ती सापाला भिते. पुढे ढोली गेली, पत्र्याची टाकी आली, गिरणीतून थेट तांदूळ यायला लागला, पण हाक काही सुटली नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्याच सकाळी ती हाक बायकोला आली. बिचारी धावत गेली, तिला वाटलं सासूबाई पडल्या.

मायची आणखी एक सवय होती. विहारात सगळे मिळून पंचशील घ्यायचे, तेव्हा चोरी न करण्याचं दुसरं शील आलं की मायचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. बाकी चार शिलं ती पुटपुटायची. आम्ही पोरं हसायचो. आज ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

कारण कळलं ते मला नोकरी लागल्यावर, आणि तेही आत्याच्या तोंडून. घरातल्या एका लग्नात मानपानावरून दोघींची बोलाचाली झाली आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "कलदार गिळले तेव्हापासून हिले कोणाची लाज नाई."

गोष्ट माझ्या जन्माआधीची. आजोबा जंगलात कुपात, म्हणजे वनखात्याने तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीला जायचे. मजुरीतून वाचवून त्यांनी चांदीचे जुने रुपये जमवले होते. आमच्याकडे त्यांना कलदार म्हणतात. ते कलदार आत्याच्या लग्नासाठी होते, मोडून तिच्या पायातले तोडे करायचे होते. ते कुठे ठेवलेत हे आजोबांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग एक दिवस त्यांना लकवा मारला आणि जीभ लुळी पडली. जायच्या आधी दोन दिवस ते एवढंच म्हणत राहिले, "ढोलीत... ढोलीत."

घरच्यांनी अख्खी ढोली अंगणात उपसली. धानाचा ढीग चाळणीने चाळला. कलदार निघाले नाहीत. माय त्या घरात नवी सून होती, कांडायचं धान रोज तीच काढायची. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची. ती म्हणाली, "आत हात तर हिचाच जाते." एवढं एक वाक्य. मायला कोणी मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही, पुन्हा तो विषयही कोणी काढला नाही. आत्या उघड्या पायांनी सासरी गेली. माझे वडील तेव्हा गप्प बसले आणि मरेपर्यंत गप्पच राहिले. ते चांगले होते, मला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचे, पण त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मी वनरक्षक होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं चंद्रपूरकडच्या जंगलात गेली. तिथे आम्हाला धातू शोधायचं यंत्र दिलं होतं. शिकारी पाणवठ्याच्या वाटेवर लोखंडी सापळे पुरून ठेवतात, ते वाघाचा पाय पडायच्या आत शोधून काढायचे. उन्हाळाभर कानाला ते भोंगे लावून, हातातली तबकडी जमिनीवरून हळूहळू फिरवत चालायचं. दहापैकी नऊ वेळा बाटलीचं झाकण निघायचं. पण दहाव्या वेळी सापळा निघाला की रात्री झोप शांत लागायची. निवृत्त झाल्यावर कोणी पेपर वाचतो, कोणी गुडघे चोळतो. मी तसलंच एक यंत्र विकत घेतलं, हलक्यातलं. बायको म्हणाली, "आता झाकणं गोळा करा आणि दुकान टाका."

चामोर्शीजवळच्या आमच्या गावी परत आल्यावर मी खरंच झाकणं गोळा करत होतो. घरामागे यंत्र फिरवलं की खिळे, विळ्याचं पातं, बैलाच्या नालाचा तुकडा. माय सोप्यात तांदूळ निवडत बसायची आणि गंमत बघायची. एकदा तिने विचारलं, "जंगलात हे घेऊन काय धुंडत होता गा तू?"

मी सांगितलं, सापळे. शिकारी लोक दिवसा ते ढोलीत लपवतात आणि संध्याकाळी काढून लावतात.

"जंगलात कोणाची ढोली?"

मला हसू आलं. "झाडाची ढोली, माय. पोकळ झाड राह्यते ना, त्याले आमच्या खात्यात ढोली म्हणतात. कुपात तोडायच्या झाडाले छाप मारताना ढोलीचं झाड सोडून देतात, त्याच्यात लाकूड नाई निघत."

मायचा हात सुपात थांबला.  आमच्या गावात ढोली म्हटलं की धानाची. झाडाच्या पोकळीला आमच्याकडे नुसतं पोकळ म्हणतात. मी स्वतः तीस वर्षं घरात एक ढोली आणि जंगलात दुसरी ढोली म्हणत आलो आणि दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसलाच मी.

"तुहा आजा कुपात जात होता," माय म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून, "बाबू, धुऱ्यावरचा मोहा पोकळ होता."

मोहाचं ते झाड मला आठवत होतं. आमच्या शेवटच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, धुऱ्यावर, कडेच्या बांधावर होतं. मी शाळेत असताना वादळात पडलं. फांद्या सरपणाला आणल्या, पोकळ बुंधा कोण उचलणार, तो तिथेच राहिला. त्याला उदई, म्हणजे वाळवी लागली, वर माती चढली, गवत आलं. आता तिथे नुसता उंचवटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन निघालो तर माय काठी घेऊन दारात उभी. ऐंशी ओलांडलेली बाई, पण घरी थांबायला तयार नाही. धान कापून झालं होतं, बांधी कोरड्या होत्या. मी तिला धुऱ्यावर सावलीत बसवलं आणि उंचवट्यावर तबकडी फिरवायला लागलो. पहिल्यांदा कुऱ्हाडीचा तुकडा निघाला. मग तंबाखूची डबी. मायकडे बघायची मला हिंमत होईना. काही निघालं नाही तर आपण हिला पुन्हा एकदा ढोली उपसून दाखवल्यासारखं होईल, ही भीती मला आधी का वाटली नाही कोण जाणे. यंत्र बंद करून घरी जावं असंही मनात आलं.

उंचवट्याच्या उताराला सूर बदलला. लोखंडाचा असतो तो तुटका, हा सलग आणि गोड. मी कुदळ बाजूला ठेवली आणि खुरप्याने माती काढली. वीतभर खाली पितळेचा गडवा निघाला, एका बाजूने चेपलेला, काळाहिरवा. तोंडाशी कापड होतं, ते हात लागताच माती झालं. आत एकाला एक चिकटलेले रुपये. वरचा मी बोटाने घासला तर राणीचा चेहरा दिसला.

मी तो गडवा मायकडे न्यायला उचलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "हलवू नोको. जिथी हाये तिथीच राहू दे."

"माय, पाह्य तरी."

"मी हात नाई लावत. बाईले बोलाव."

बाई म्हणजे आत्या. मी तिला चामोर्शीला फोन लावला, एवढंच म्हणालो की शेतात ये, कलदार निघाले. मग तलाठ्यालाही फोन केला, कारण जमिनीत निघालेलं असं धन कळवावं लागतं हे नोकरीने अंगात भिनलेलं. माय खड्ड्यापासून चार हातांवर बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर, उघडे. सारी नोकरी मी पंचनामे लिहिण्यात घालवली, पण इतका चोख पंचनामा मी पाहिला नाही.

आत्या ऑटोने आली, धुऱ्यापर्यंत चालत आली. तीही आता थकलेली, कमरेत वाकलेली. मायने तिला हाक मारली नाही की उठून उभी राहिली नाही. आत्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि आत बघत राहिली.

"हा गडवा तर मी पाण्याले नेत होतो बांधीत," ती म्हणाली. "हरपला म्हणून बाबानं मलेच मारलं होतं."

मी तिला झाडाच्या ढोलीचं सांगितलं, कुपातला शब्द सांगितला. तिने एक रुपया उचलला, पदराने पुसला आणि पुसतच राहिली. मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही. मायकडे वळून म्हणाली, "वहिनी, मीच म्हटलं होतं."

"हो," माय म्हणाली.

"चुकलं माह्यं."

माय "काही हरकत नाही" असं म्हणाली नाही, आणि ते मला बरं वाटलं, कारण हरकत होती. थोड्या वेळाने तिने काठी टेकली आणि उठली. "ऊन चढलं," ती म्हणाली. "घरी चाल. जेवून जाजो."

तलाठी आले, गडवा त्यांच्या ताब्यात गेला. पुढे त्याचं जे व्हायचं ते होईल. आत्याला मी विचारलं, तोडे राहिले ना तुझे? ती म्हणाली, "आता तोडे घालून कुठी नाचू?" मायला हसू आलं. आत्याच्या बोलण्यावर माय हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

घरी आल्यावर आत्या सोप्यात भिंतीला टेकून बसली. माय आत तांदूळ काढायला गेली. इतक्या वर्षांची सवय, माझी बायको हाक यायच्या आधीच हातातलं टाकून उठली. मीही अर्धा उठलो होतो.

"बसा तुम्ही," माय आतून म्हणाली. "मी घेतो."

आम्ही बसलो. टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आत्याने तोंड भिंतीकडे केलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग झाकण बंद झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी भात थोडा जास्तच झाला.