खिडकी खाली

सकाळी साडेदहाला मेधाच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला. "मेधा गेली," तो म्हणाला आणि मी विचारलं, "कुठे?" ... आदल्याच संध्याकाळी तिने मला दटावलं होतं, "रविवारी नवा नकाशा बघायला ये. आणि जुनी पँट घालून ये." रविवार यायला अजून दोन दिवस होते.

मेधा मुलांसाठी जागा आखायची. बालवाड्या, वाचनाच्या खोल्या, खेळायची अंगणं. नव्या जागेत शिरली की आधी गुडघ्यांवर बसायची आणि तशीच सगळीकडे फिरायची. "तीन वर्षांच्या माणसाला इथून काय दिसतं ते बघ, मग मला नियम सांग." मी सरकारी इंजिनीअर. माझी इस्त्री कधी मोडत नाही म्हणून ती मला 'इस्त्रीसाहेब' म्हणायची.

भोपाळमधल्या अवधपुरीतल्या एका बालवाडीचा नकाशा तिचा होता, देखरेख माझी. अंगणाकडच्या भिंतीत जमिनीपासून वीतभर उंचीवर तिने एक लांब खिडकी काढली होती. मांडी घालून बसलेल्या मुलालाही बाहेरचं कडुनिंबाचं झाड आणि त्याखाली पळणाऱ्या खारी दिसाव्यात म्हणून. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खिडकी खाली'. तपासणीत कुणी आक्षेप घेईल या भीतीने ती खिडकी मी रद्द केली. तिला न विचारता. गिलावा झाल्यावर मेधा आली, त्या भिंतीसमोर गुडघ्यांवर बसली आणि बघतच राहिली.

"विनायक, माझी खिडकी कुठे रे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मिस्त्रीने तुझं 'खाली' हिंदीत वाचलं. त्याला वाटलं, भिंत रिकामी सोडायची आहे."

ती खो खो हसत सुटली. मिस्त्री शेजारीच उभे होते. त्यांना म्हणाली, "भैया, गलती मेरी है. भोपाल में रहती हूँ और मराठी में लिखती हूँ!" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. खिडकी ठेवू नका, असं मीच सांगितलं होतं त्यांना. मग थापी उचलून निघून गेले.

पुढे ती गोष्ट मेधाचीच झाली. गणपतीत, हळदीकुंकवाला, जिथे चार मराठी माणसं जमतील तिथे ती स्वतःची फजिती रंगवून सांगायची. मी ऐकायचो. हसायचोही...

तेराव्याला श्रीकांतने तीच गोष्ट सांगितली. माणसं रडता रडता हसली. "तू होतास ना रे तिथे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "होतो." एवढंच. सगळे गेल्यावर त्याने तो नवा नकाशा माझ्यासमोर उलगडला. बुटक्या खिडकीशेजारी ठळक अक्षरांत 'नीचे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्याखाली बारीक मराठीत: 'या वेळी घोळ नको. मिस्त्रीला विनायक समजावेल.'

श्रीकांत, तुझ्या तोंडावर मला सांगता आलं नाही. घोळ तिचा नव्हता. मिस्त्रींचाही नव्हता.

गेल्या रविवारी मी जुनी पँट घातली आणि त्या बालवाडीत गेलो. सुट्टी होती, चौकीदाराने दार उघडून दिलं. भिंतीसमोर गुडघे टेकून बसलो. बाहेर कडुनिंबाखाली खार चिरचिरत होती. कितीतरी वेळ नुसती ऐकू येत होती.