मागच्या सीटवर पाठवलेली बाई

जाफराबादहून जालन्याला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी, खिडकीशी बसली होती. डोक्याला घट्ट रुमाल, तोंडावर धुऊन धुऊन विटलेला मास्क. बाटलीचं तोंड पदराने दोनदा पुसायची, मगच पाणी प्यायची. हिला काहीतरी लागणारा आजार आहे, असं मी ठरवून टाकलं. खरं तर चार दिवस मीच खोकत होते. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजारी असाल तर मागे बसा, बाई."

"माझा आजार लागत न्हाई, ताई," ती म्हणाली. "मेंदूत गाठ आहे. डॉक्टर म्हणे, अंगातले रोगाशी लढणारे राखणदार गाठीनं फितवले, तिचीच चाकरी करून राह्यले. मंग तुमचा खोकला कोण अडवणार? ताप आला तर रेडिएशन थांबतंय."

मी उठायला हवं होतं. पण तीच पिशवी उचलून गेली आणि मागच्या लांब सीटवर पाच जणांत दाटून बसली. जालन्यापर्यंत मी तोंडाशी पदर धरून बसले, तिच्या मोकळ्या झालेल्या खिडकीशी.