आमेनच्या जागी हजर

आमच्या गोडाऊनमध्ये शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करतात आणि सुपरवायझर हजेरी घेतो. हा माणूस नावं अशी घेतो, जसं काही मागे कुत्रं लागलंय. आपलं नाव कानावर पडलं की त्याच क्षणाला ‘हजर’ म्हणायचं. जरा उशीर झाला की तो पुढे गेलेला असतो, आणि मग फिरा दिवसभर त्याच्या मागे, साहेब मी होते, साहेब मी होते! मानकोलीच्या या गोडाऊनला नवीन लागले तेव्हा माझी अशी एक हजेरी बुडाली. मला असा राग आला! दुसऱ्या दिवसापासून मी असा ‘हजर’ ठोकायला लागले की बाहेर उभ्या कंटेनरच्या ड्रायव्हरलाही ऐकू जावा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गोंधळ याच एका शब्दाने घातला.

आम्ही ख्रिस्ती. माझे वडील भिवंडीत पॉवरलूमवर कामाला आले आणि आमचं घर राहनाळला, आगऱ्यांच्या आळीत पडलं. त्यामुळे माझी मराठी अशी खिचडी. हाय-न्हाय शेजारणींकडून आलं, हिंदी लूमवाल्यांकडून आली. घरी रोज प्रार्थना व्हायची, पण ती वडील करायचे. आई आणि मी डोळे मिटून बसायचो आणि शेवटी आमेन म्हणायचो. बायकांच्या वाट्याला प्रार्थनेतला एवढा एकच शब्द. लग्न झालं तर सासूबाई नगरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये वाढलेल्या. त्यांच्या तोंडातून ‘तुझ्या चरणी लीन होऊन’ असं सहज निघायचं. मी एकदा जेवणाआधी ‘देवा, जेवाण दिलंस, बरा केलास’ म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देवाच्या खांद्यावर हात टाकून त्याला पान खायला बोलावलंय.

चर्चच्या भगिनी मंडळाची सभा मंगळवारी संध्याकाळी असते. सभा चालवायच्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना सगळेच बाई म्हणतात, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. बाईंची प्रार्थना म्हणजे काय सांगू तुम्हाला! ‘हे कृपासागरा’ म्हणून सुरू झाली की कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही, ऐकतच राहावं. आणि त्यांची एक पद्धत होती. शेवटाला त्या जमलेल्या प्रत्येकीचं नाव घ्यायच्या आणि तिच्यासाठी काही ना काही मागायच्या. कुणाचा गुडघा, कुणाचं पोर, कुणाचा दारूडा नवरा. दारूड्या नवऱ्यालाही त्या इतक्या शुद्ध मराठीत देवापुढे उभा करायच्या की तो बिचारा सभ्य वाटायचा.

मी सभेला जायला लागून थोडेच दिवस झाले होते. त्या मंगळवारी मी ड्युटीवरून थेट गेले होते. दिवसभर उभं राहून खोक्यांना टेप लावलेली, येताना नाक्यावर ट्रकांच्या गर्दीत बस अडकलेली. पोटात चहासुद्धा नाही. सतरंजीवर बसले, डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यावर थकल्या बाईचं जे होतं तेच माझं झालं. बाईंचा आवाज लांब लांब जायला लागला. आणि त्या झोपेत मला माझं नाव ऐकू आलं.

‘‘हजर!’’

अशी ओरडले मी! कंटेनरवाल्याला ऐकू जाईल अशी. समोर बसलेली एकजण दचकून मागे सरकली. मग कुणीतरी पदरात तोंड घालून फुसकन हसलं. एक हसली की दुसरी हसते. आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल? बाई! प्रार्थना अर्धवट टाकून, चष्मा काढून डोळे पुसत हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चप्पल घातली आणि घरी. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात कुणीतरी ‘जय ख्रिस्त, हजरबाई’ म्हटलं, तेव्हा तर मी ठरवूनच टाकलं की गेली ती सभा खड्ड्यात. नवऱ्याला सांगितलं, मला देव हवाय, या बायका नकोत.

गोडाऊनमध्ये माझ्या शेजारच्या पॅकिंगच्या टेबलावर राहनाळची एक आगरी मावशी आहे. मार्गशीर्षातले गुरुवार कडक पाळणारी. तिला मी रागारागात सगळं सांगितलं. तीही आधी पोटभर हसली. मग टेप तोडता तोडता म्हणाली, ‘‘काय गो, तुझ्या देवाला शुद्ध मराठीच समजते काय? आमच्या गावच्या देवाला तर शिव्या पन समजतान.’’

दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं.

दोन-तीन मंगळवार मी गेले नाही, तेव्हा बाई स्वतः आमच्या घरी आल्या. जिना चढून धापा टाकत. सासूबाईंची धांदल उडाली, चहा, खारी, चांगल्या कपबश्या. मी स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. तर बाईच आत आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

‘‘राग आलाय?’’

‘‘आलाय,’’ मी म्हटलं. खोटं कशाला बोला!

‘‘यायलाच हवा. मी हसायला नको होतं.’’ मग म्हणाल्या, ‘‘पण मला एक सांग. मी इतकी वर्षं देवापुढे प्रत्येकीचं नाव घेते. एक तरी बाई कधी ओ देते का? सगळ्या डोळे मिटून बसतात आणि मी संपवायची वाट बघतात. तू पहिली, जिने नाव ऐकून उत्तर दिलं.’’

‘‘बाई, मी झोपले होते.’’

‘‘झोपेत दिलंस. जाग्या असलेल्यांनी तेवढंही दिलं नाही.’’ आणि पुन्हा हसायला लागल्या. या वेळी मीही हसले, काय करणार!

त्या दिवसापासून मी पुन्हा सभेला जायला लागले आणि एकटीने प्रार्थनाही करायला लागले. कुठे? टेबलावर. गोडाऊनमध्ये गुडघे टेकायला जागा नाही, डोकं झाकायला पदर नाही, कंपनीची टोपी आणि जॅकेट. डोळे मिटले तर टेप तिरकी जाते. म्हणून उघड्या डोळ्यांनी, हात चालू ठेवून. सकाळी हजेरीत माझं नाव आलं की ‘हजर’ मी दोघांना म्हणायचे, एक सुपरवायझरला आणि एक देवाला. मग खोकं पुढे आलं की, देवा, यात काय हाय मला ठाव न्हाय, पन ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी बरं असू दे. पाय भरून आले की, देवा, तू पन दमत असशील. असं आपलं काहीबाही. तोंडातल्या तोंडात. मावशी विचारायची, ‘‘बोलतेस कोनाशी?’’ मी म्हणायचे, ‘‘वरच्या साहेबाशी.’’ बायांनो, मला खरंच वाटतं, विश्वास वाढायला वेगळी वेळ काढावी लागते असं नाही. आपल्याकडे वेळ असतो कुठे? भाकरी थापताना, बसची वाट बघताना, जे हातात आहे त्यातच तो वाढतो. माझा तरी तसाच वाढला. पण हे सगळं मनातल्या मनात. चार लोकांत तोंड उघडायची माझी छाती होत नव्हती.

मग बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाहीही येणार. आम्ही भेटायला गेलो तर बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हसऱ्या, आणि तोंडातून नुसती हवा. मला रडूच कोसळलं. ज्या आवाजाने आम्हा सगळ्यांची नावं घेतली तोच गेला!

भगिनी रविवार जवळ आला होता. वर्षातून त्या एका रविवारी सगळी उपासना बायका चालवतात, आणि सगळ्यांसाठी मागायची मोठी प्रार्थना बाईंची असते. मंडळात विचार चालला होता की आता ती कोण करणार. सासूबाईंचं नाव पुढे होतं. आणि बाईंचा माझ्या व्हॉट्सॲपवर मेसेज आला. बाईंचे मेसेजही पूर्णविराम-स्वल्पविरामासकट असतात. ‘भगिनी रविवारची प्रार्थना तू करायची आहेस. मी समोर बसेन.’

मी लिहिलं, जमणार नाही, मला तुमच्यासारखं येत नाही.

उत्तर आलं, ‘माझ्यासारखं आता मलाही येत नाही.’

‘नाही’ कसं म्हणायचं? पण जीव टांगणीला लागला. बाईंच्या जागेवर उभं राहून मी माती केली तर हसतील ते मला नाही, बाईंच्या निवडीला हसतील. आवाज गेलेल्या बाईंना मी खाली पाहायला लावणार होते की काय? सासूबाई म्हणाल्या, ‘‘पाठ करून जा. नाहीतर तुझ्या तोंडातून काहीही जाईल.’’ त्यांनी स्वतः बसून मला शिकवलं. कृपासागरा, सर्वसमर्था, तुझ्या चरणी. मानाची प्रार्थना आपल्याला मिळाली नाही म्हणून एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत, हे मी विसरणार नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. पुढे उभी राहिले. पहिल्या बाकावर बाई, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. पाठ केलेलं सुरू केलं आणि चांगलं चाललं होतं हो! देशासाठी झालं, आजाऱ्यांसाठी झालं. मग बहिणींची नावं घ्यायची वेळ आली. आणि त्याचं पाठांतर नव्हतं. नावं कशी पाठ करणार? मी डोळे उघडले. मला सवयच तशी, उघड्या डोळ्यांची. समोर सगळ्या बसल्या होत्या, खाली माना घालून.

मी पहिलीचं नाव घेतलं आणि तोंडातून आपोआप आलं, ‘‘देवा, हिचा गुडघा लई दुखतो. तरी ही जिना चढून सभेला येते. तू बघतोस ना?’’ दुसरीचं नाव घेतलं. ‘‘हिला रात्री झोप न्हाय, पोराची काळजी हाय. तिला झोप दे, पोराला अक्कल दे.’’ मागे पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं. मला फिकीर नव्हती. एकेक करून सगळ्यांची नावं घेतली. सासूबाईंचं घेतलं, ‘‘हिने मला शिकवलं, देवा, हिचे उपकार तू फेड, माझ्याच्यानं फिटायचे न्हाय.’’ सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेवटी बाईंचं नाव राहिलं. ते घेतलं. आवाज मागू की नको? मागितला आणि मिळाला नाही तर? मी नुसती त्यांचं नाव घेऊन उभी राहिले.

आणि बाईंनी हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा सरळ, ताठ. ओठ हलले. आवाज नाही, पण तो शब्द बहिऱ्यालाही कळला असता इतका स्पष्ट मला दिसला. हजर.

तो उंच हात शेजारणीने पाहिला असावा, कारण डोळे मिटलेले राहिलेच कुठे होते तोवर! तिने हात वर केला आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘हजर.’’ मग गुडघेवाली. मग मागची बाकं. कुणी हसलं नाही. माझ्या सासूबाई, चरणी लीन होणाऱ्या, त्यांनीही म्हटलं. येशूच्या नावाने मागते असं म्हणून मी संपवलं, आणि आमेन कुणी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. मला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावेना. माझा नव्हे, आमचा. आम्हा सगळ्या बायकांचा. चहाच्या वेळी सासूबाई पाळकसाहेबांच्या मिसेसना सांगत होत्या, ‘‘जिने प्रार्थना केली ना, ती आमची सून.’’

बाईंचा आवाज अजून पूर्ण आलेला नाही. घोगरं, कुजबुजल्यासारखं बोलतात. मंगळवारी नावं आता मी घेते आणि बाई हात वर करतात.

पण सोमवारचं सांगायचं राहिलं. सोमवारी नेहमीसारखी रांगेत उभी होते. डोक्यात सगळा रविवारच चालू, चेहरा हसरा. सुपरवायझरची गाडी सुसाट निघाली, नाव, हजर, नाव, हजर. आणि माझं नाव आलं.

‘‘आमेन!’’ मी ओरडले.

सगळी रांग खदाखदा हसली. आगरी मावशी तर हसून हसून खाली बसली. सुपरवायझरने पेन थांबवून वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘क्या बोला?’’

या वेळी मी लाजले नाही, रागावले नाही. मान ताठ करून सांगितलं, ‘‘एक ही बात है साहब. लिख लो.’’ आणि त्याने माझी हजेरी लावली.