ऊन तर अकोल्याचं

राऊत सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या आयसीयूत संध्याकाळचा राउंड घेत होते. अकोल्याच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. ऐन मे महिन्यात! म्हटलं, सर, जायलाही बरोबर तुमच्या उन्हाचाच मुहूर्त काढलात...

सर मूळचे अकोल्याचे, डॉक्टरकी सगळी अमरावतीत. मी त्यांची विद्यार्थिनी, पक्की अमरावतीकर. आमचं भांडण एकच, ऊन कुठलं जास्त? "तुमच्या अमरावतीचं ऊन म्हंजे आमची सावली. एकदा तरी मान्य कर ना वं!" असं ते म्हणायचे. मी कशाला मान्य करते!

या भांडकुदळपणाचा ते कामातही उपयोग करायचे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला झोपवून ठेवायला प्रोपोफॉल देतात, दुधासारखं पांढरं औषध. रोज सकाळी ते थांबवून पेशंट कितपत जागा होतो ते बघायचं. "झोपवता कोणालेही येते, उठवसान तवा डॉक्टर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही आपले "डोळे उघडा, हात दाबा" म्हणत बसायचो, सर सरळ कळ काढायचे. मोर्शीचे एक संत्रा बागाईतदार किती हाका मारल्या तरी ढिम्म. सर त्यांच्या कानाशी वाकले. "काकाजी, संत्रं खावं त नागपूरचं. मोर्शीचं लय आंबट!" काकाजींनी खाडकन डोळे उघडले, तोंडात नळी असताना नाही-नाही अशी मान हलवली आणि वर मूठही उगारली. सर खूश. "समजूनही राहिलं अन् रागही येऊन राहिला. श्वास पाहा, नळी काढायच्या तयारीले लागा."

मग मागच्या वर्षी सर स्वतःच त्या खाटेवर आले. न्यूमोनिया, त्यातून रक्तात पसरलेला संसर्ग. बीपी टिकवायला नॉरअॅड्रिनॅलिन लावलं, तर त्याचा डोस वाढतच चालला. हळूहळू डोस उतरला आणि एका सकाळी मी त्यांचं प्रोपोफॉल बंद केलं. बराच वेळ गेला, सर हलेनात. एवढी मोठी डॉक्टरीण मी, पण रडकुंडीला आले. शेवटी कानाशी वाकले. "सर, अकोल्याले काही ऊन तापत नाही बरं!"

भुवई... आधी एक, मग दोन्ही. मग मान, नाही-नाही! सिस्टर लोकांनी टाळ्या पिटल्या. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य काय, तर "मान्य कर." मी नाहीच केलं. म्हटलं, भांडायला माणूस परत मिळालाय, आता भांडण कुठं संपवायचं!

अकोल्याला अंत्यविधीला गेले तेव्हा चपलेतूनही पाय पोळत होते. तिथे सरांना एकदाचं सांगून टाकायचं होतं, पण गर्दीत राहूनच गेलं.

परवा अकोल्याच्या एका काकूंचं प्रोपोफॉल थांबवलं. हाका मारून झाल्या. सवयीने कळ काढायला वाकले आणि जीभच वळेना. तोंडून निघालं, "काकू, खरं सांगते, ऊन तर अकोल्याचंच."

काकूंनी डोळे उघडले आणि नळीसकट मान डोलावली. हो. ठाम हो.

"मॅडम, आज काहून हरल्या तुमी?" सिस्टर हसत म्हणाली.

"केलं वं मान्य," मी डोळे पुसले. "चल, श्वास पाहू. नळी काढायच्या तयारीले लाग."